दाणा परत वाटीत टाका

माझ्या टेबलाच्या उजव्या ड्रॉवरमध्ये दोन छोट्या वाट्या आणि हरभऱ्याचे चार दाणे असतात. चारांपैकी दोन दाण्यांवर निळ्या शाईचा ठिपका आहे. ठिपका पुसट झाला की मी नवा देते. दाणे वर्षातून दोनदा बदलते, कारण त्यांना कीड लागते. माझं शिकवण्याचं साहित्य एवढंच. बाकीचं यंत्र, नळ्या, शीतपेट्या हे सगळं रक्तकेंद्राचं आहे.

जुन्या जालन्यात, धान्याच्या आडती जिथे संपतात त्या गल्लीत आमचं केंद्र आहे. मी तिथे चोवीस वर्षं तंत्रज्ञ आहे. पहिली आठ वर्षं फक्त रक्त तपासलं. पुढची सोळा वर्षं तपासलेलं रक्त लोकांना समजावून सांगण्याचंही काम करते, आणि हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे. यंत्राला एकच प्रश्न पुन्हा विचारला तर ते तेच उत्तर देतं. माणसं उत्तर ऐकतात आणि घरी जाईपर्यंत त्याचं वेगळंच काहीतरी करतात.

डीएनए हा शब्द आता बातम्यांमुळे सगळ्यांना माहीत झाला आहे. त्यामुळे आमच्याकडे नाना प्रकारची माणसं येतात. एकदा एक आजोबा धोतराच्या सोग्यात स्वतःचे केस बांधून घेऊन आले होते. "यातून आमचं मूळ गाव काढून द्या, भावकीत वाद चालू हाय," म्हणाले. एक मास्तर मुलीच्या रक्तातून ती डॉक्टर होईल का ते बघा म्हणून तासभर बसून राहिले. दोघांनाही चहा पाजून परत पाठवलं. आमचं यंत्र इतकं हुशार नाही. आम्ही एकच गोष्ट नेमकी पाहतो. रक्तातला लाल पदार्थ, ज्याला हिमोग्लोबिन म्हणतात, तो नीट बनतो आहे की नाही.

थोडं समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक लांबलचक मजकूर असतो. त्याला डीएनए म्हणायचं. त्यात अक्षरं चारच, पण ती तीनशे कोटींच्या आसपास वेळा एकापुढे एक लिहिलेली. डोळे कसे, उंची किती, रक्त कसं बनवायचं, या सूचना त्यात आहेत. प्रत्येक सूचनेच्या साधारण दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. आईकडेही दोन असतात, पण ती बाळाला त्यातली एकच देते. कोणती, ते कुणाच्या हातात नसतं. वडिलांचंही तसंच.

आता रक्ताच्या सूचनेच्या एका प्रतीत एखादं अक्षर चुकलेलं असेल, तर दुसरी प्रत काम भागवते. माणूस धडधाकट असतो, फार तर थोडा फिकट. त्याला आम्ही 'मायनर' म्हणतो. दोन्ही प्रती चुकलेल्या निघाल्या, तर ते 'मेजर'. ते मूल स्वतःचं रक्त पुरेसं बनवू शकत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी त्याला दुसऱ्याचं रक्त द्यावं लागतं, आणि शरीरात साठणारं लोह काढायला रोज औषध. या आजाराला थॅलेसेमिया म्हणतात. आई-वडील दोघेही मायनर असतील तरच मेजर मूल होऊ शकतं.

मी स्वतः मायनर आहे. नवं यंत्र आलं तेव्हा ते बरोबर चालतं का हे पाहायला निरोगी माणसाचं रक्त हवं होतं, म्हणून मी माझंच घातलं. यंत्र चुकतंय असं समजून मी तीनदा घातलं. यंत्र बरोबर होतं. माझं लग्न माझ्या आतेभावाशी झालेलं आहे, त्यामुळे त्या दिवशी दुपारी मी यांना दुकानातून बोलावून घेऊन त्यांचं रक्त काढलं. ते ठीक निघाले. तेव्हा आमची मुलगी सात वर्षांची होती. म्हणजे आम्ही हिशेब न करता सात वर्षं सुखात होतो. हे मी इथे सांगते, कारण ते पुढे एका बाईंच्या उपयोगी पडलं.

त्या बाई म्हणजे गयाबाई, कुंभार पिंपळगावच्या. त्यांच्या मुलाचं नाव कैलास. त्यांनी त्याला स्वतःच्या भावाची मुलगी केली, सविता. आपल्याकडे ही जुनी रीत आहे. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क समजतात. सविता सासूला आजही आत्याच म्हणते. तिचं माहेर जाफराबादकडचं. तिकडे शेतांत बियाण्यांसाठी जाळीचे मांडव, म्हणजे शेडनेट, उभे असतात. सविता दहावीपासून तिथे मिरचीच्या क्रॉसिंगला जायची. कळी उमलायच्या आधी तिच्यातले नर भाग चिमट्याने काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी डबीतली दुसऱ्या झाडाची फुलपूड त्या कळीला लावायची आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. एका सकाळी हजारभर कळ्या. असे हात मी प्रयोगशाळेतही फार पाहिलेले नाहीत.

त्यांची मुलगी ईश्वरी चौदा महिन्यांची असताना आमच्याकडे आली. हिमोग्लोबिन ४.२. ओठ आणि तळहात एकाच रंगाचे, म्हणजे रंगच नाही. तपासणीत ती मेजर निघाली. सविता आणि कैलास, दोघेही मायनर.

मी त्यांना समोर बसवलं. तेव्हा वाट्या नव्हत्या. माझी पद्धत वेगळी होती आणि मला तिचा अभिमान होता. मी टेबलावर दाण्यांच्या चार जोड्या मांडायचे. पहिल्या जोडीत दोन्ही दाणे स्वच्छ. दुसरीत आणि तिसरीत एक स्वच्छ, एक ठिपक्याचा. चौथीत दोन्ही ठिपक्यांचे. मग सांगायचे, "तुम्हाला मूल होईल ते या चारांपैकी एखादं असेल. पहिलं निरोगी, मधली दोन तुमच्यासारखी, आणि हे चौथं आजारी." एवढं बोलून ती चौथी जोडी उचलायचे आणि दाण्यांच्या डबीच्या झाकणात बाजूला ठेवायचे, म्हणजे लक्षात राहील.

कैलासने नीट पाहिलं. "म्हणजे चारात एक," तो म्हणाला.

"बरोबर. चारात एक."

मी माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे 'समजले' असं लिहून बरोबरची खूण केली. ती वही अजून आहे. ती खूण मी खोडलेली नाही.

त्यानंतर ईश्वरी दर तीन आठवड्यांनी यायला लागली. वर्षाला सतराएक वेळा. तिचं वजन, रक्त देण्याआधीचं हिमोग्लोबिन, दिलेलं रक्त, सगळं मी लिहून ठेवते. चार वर्षांची होईपर्यंत ती सुई टोचताना रडायची थांबली होती. फक्त डावाच हात पुढे करायची, कारण उजव्या हातात तिची खेळणी असायची. तिला हरभरे आवडायचे. माझे दाणे तिने दोनदा खाल्ले, ठिपक्यासकट.

त्या वर्षी सविता दोन-तीन खेपा आली नाही. ईश्वरीला गयाबाई घेऊन यायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "सूनबाईला बरं न्हाई. उन्हाचं काहून दगदग?" मी मान डोलावली आणि नळ्यांवर नावं लिहीत राहिले. मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता.

पुढच्या खेपेला सविता आली. पदर सारखा करत खुर्चीवर बसली आणि ती कशी बसली त्यावरून मला कळलं.

"सविता, कितवा?"

"चौथा संपत आला, मॅडम."

"अगं, मला सांगितलं काहून नाहीस? मी किती वेळा म्हणाले होते, पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच ये म्हणून."

ती गोंधळून कैलासकडे पाहायला लागली. कैलास दारात उभा होता. तो हसून म्हणाला, "आपल्यात चौथा लागल्याबिगर कुणाला सांगत न्हाईत, मॅडम. आन तसं बी, आता भ्यायचं काय? आमचा एक होऊन गेला ना."

"कोणता एक?"

"चारातला. तुमीच तर उचलून झाकणात ठेवल्ता. टेबलावर तीन राह्यले. तिन्ही चांगले."

तो खोडी काढत नव्हता. त्याने माझं बोलणं अगदी लक्ष देऊन ऐकलं होतं. मी चार जोड्या मांडल्या होत्या, एक उचलली होती, तीन उरल्या होत्या. पहिलीतल्या मुलानेही तेच उत्तर दिलं असतं. मी आकड्यांची माणूस. भाजीवाल्याने वीस ग्रॅम कमी दिलं तर मला कळतं. आणि मी तीन वर्षं या घराला चुकीची वजाबाकी शिकवून ठेवली होती.

मी म्हणाले, "कैलास, चूक माझी आहे. तसं नसतं. प्रत्येक बाळाला पुन्हा नव्याने तेवढाच धोका असतो. ईश्वरीने या बाळाचा धोका घेऊन टाकलेला नाही."

त्याचं हसू गेलं. "म्हणजे हे बी..."

"असू शकतं. नसूही शकतं. पोटात असतानाच तपासता येतं. खरं तर तिसऱ्या महिन्यातच तपासतात, पण अजून एक रीत आहे. बाळाभोवतीचं पाणी घेऊन त्यातून बाळाचा डीएनए बघतात. ती मोठ्या शहरात होते आणि तिची वेळ हीच आहे. याच आठवड्यात निघावं लागेल."

आजारी निघालं तर पुढे काय, हेही मी सांगितलं, कारण ते न सांगता कुणाला तपासणीला पाठवणं बरोबर नाही. पुढे जायचं की थांबायचं हे कायद्याच्या मुदतीत, डॉक्टरांशी बोलून आई-वडिलांनी ठरवायचं असतं. मी किंवा सासू किंवा गाव ठरवत नाही.

गयाबाई तोपर्यंत ईश्वरीच्या कॉटपाशी बसून तिचे पाय दाबत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या उठून आल्या.

"तपासणी-बिपासणी काही न्हाई," त्या म्हणाल्या. "पोटात सुया घालून बघायचं, हे काय बघणं झालं? जे येईल ते आमी संभाळू. एकीला संभाळून राह्यलोत ना?"

"आत्याबाई, संभाळता. मी दर खेपेला बघते."

"मंग?"

मग त्या एकदम खाली बसल्या, जमिनीवरच, आणि हळू बोलल्या. "मीच केलं हे. भाऊ म्हणत व्हता, ताई, बाहेरची बघ. मी म्हणलं, घरचं रगत हाय, पोरीला जीव लावंल. घरचं रगत म्हणून आणली, आन घरच्या रगतातच निघालं. बाहेरून आणली असती तर ही पोरगी अशी टोचून घेत पडली असती का?"

कॉटवर ईश्वरी झोपलेली होती. पिशवीतून थेंब पडत होते, मिनिटाला वीसच्या आसपास. मी मोजत नव्हते, पण मला मोजल्याशिवाय राहता येत नाही.

या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तर ते कठोर आहे आणि खोटं दिलं तर माझं काम संपलं. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"एकाच घरात लग्न झालं की दोन्ही बाजूला तोच ठिपका असण्याची शक्यता वाढते, हे खरं आहे. पण तो ठिपका तुम्ही तयार केलेला नाही. तो तुमच्यात असलाच, तर तुमच्या आईकडून किंवा वडिलांकडून तुम्हाला आणि तुमच्या भावाला आलेला असणार. त्यांना त्यांच्या आई-बापाकडून. कुणालाच माहीत नव्हतं. बाहेरून आणलेल्या सुनेतही तो असू शकतो, अशी घरं मी पाहिली आहेत."

"मला हाय तो?"

"तुमच्याकडूनच कैलासला आला की त्याच्या वडिलांकडून, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. बघायचा?"

त्यांनी लगेच बाही वर केली. मी रक्त घेतलं. यंत्राला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. मीही आत्याच्याच घरात दिलेली आहे. माझ्यातही ठिपका आहे. यांच्यात नाही. असता, तर माझी मुलगीही या कॉटवर असती. "तुमच्यात आणि माझ्यात शहाणपणाचा काही फरक नाही, आत्याबाई. फरक नुसता एवढाच, की माझं जमून गेलं."

निकाल आला. गयाबाई मायनर होत्या.

"मंग मला आजवर काही कसं झालं न्हाई?" त्यांनी विचारलं. "पंचावन्न वर्सं झाले, मेंढरामागं फिरले, ऊस तोडला, तीन बाळंतपणं झाले."

"दुसरी प्रत काम करते ना. तुमचं एकच बिघडलेलं आहे, एक चांगलं आहे."

"एक चांगलं हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग सविताकडे वळून, "पण सुया न्हाई."

कैलासशी बोलताना मी टेबलावर पुन्हा त्याच चार जोड्या मांडल्या होत्या. सविता त्या दाण्यांकडे पाहत होती. तिने चारही जोड्या एका हाताने गोळा करून बाजूला सारल्या आणि चारच दाणे परत घेतले. दोन स्वतःपुढे, दोन कैलासच्या बाजूला. दोन्हीकडे एक स्वच्छ आणि एक ठिपक्याचा.

"मॅडम, तुमी चुकीचं मांडता," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. शेडनेटमध्ये नव्या बाईला काम दाखवतात तसं ती बोलत होती. "आमी क्रॉसिंगला डबीतली पूड कळीला लावतो. एका फुलाला काय गेलं ते दुसऱ्या फुलाला माहीत असतंय का? दर फुलाला डबी पुन्हा तशीच. आन हायब्रीडचं बी घरी धरलं तर दुसऱ्या साली सारखं येतं का, आत्या? तुमी नाही का धरलं होतं एकदा? काही झाडं उंच आले, काही बुटके, मिरची कुणाची लांब, कुणाची गोल. पहिलं झाड बुटकं निघालं म्हणून पुढचे तीन उंच निघाले का?"

गयाबाई जमिनीवरून उठून टेबलापाशी आल्या.

सविताने स्वतःपुढचा ठिपक्याचा दाणा उचलला, कैलासच्या बाजूचाही ठिपक्याचा उचलला, तळहातावर ठेवून पाहिले आणि दोन्ही जागच्या जागी ठेवले. "हे ईश्वरी. झालं. दाणे परत गेले. आता हे दुसरं, ते बी याच्यातूनच येणार." तिने हात पोटावर ठेवला. "मला बघून घ्यायचंय, आत्या. मंग जे असंल ते असंल. पण न बघता मला पाच महिने काढायचे न्हाईत."

गयाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "कवा जायचं?" त्यांनी मला विचारलं. "जल्दी जायचं म्हणल्या ना तुमी. ईश्वरीला मी बघते."

ते तिघे गेले, म्हणजे सविता, कैलास आणि सविताचा भाऊ. तपासणी झाली. निकालाला जवळपास तीन आठवडे लागणार होते. म्हणजे ईश्वरीच्या पुढच्या रक्ताच्या सुमारास.

ते तीन आठवडे मी कसे काढले ते सांगते. घरी यांनी विचारलं की भाजीत मीठ दोनदा का. केंद्रात मी एका नळीवर चुकीचा तारीखशिक्का मारला आणि स्वतःच पकडला. पंचाहत्तर टक्के आपल्या बाजूने आहेत, असं मी स्वतःला रोज सांगायचे. पण पंचाहत्तर टक्के बाळ नसतं. बाळ एकच असतं आणि ते एकतर असं असतं, नाहीतर तसं असतं. इतकी वर्षं मी टक्के सांगत आले, पण त्या आठवड्यांत पहिल्यांदा लक्षात आलं की मी समोरच्याला किती कमी देते.

ईश्वरीच्या खेपेला सगळेच आले. कैलासच्या हातात बंद पाकीट होतं. त्यांनी ते वाटेत उघडलं नव्हतं.

"इंग्लिशमधी असंल," तो म्हणाला. "अर्धवट समजून घ्यायला नको. मागच्या वेळी तेच झालं."

मी पाकीट उघडलं. दोन पानं होती. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिलं. आई-वडिलांची नावं जुळतात का ते पाहिलं. नमुन्याचा क्रमांक जुळतो का ते पाहिलं. मग तिसऱ्यांदा निकाल वाचला. त्या चौघांपैकी कुणी मला घाई केली नाही.

"मायनर," मी म्हणाले. "एक दाणा स्वच्छ, एक ठिपक्याचा."

सविताने विचारलं, "म्हणजे माझ्यासारखं?"

"तुझ्यासारखं. कैलाससारखं. आत्याबाईंसारखं."

"तुमच्यासारखं बी," गयाबाई म्हणाल्या.

"हो. माझ्यासारखंही."

सविताने खुर्चीला मान टेकली आणि डोळे मिटले. ईश्वरीने विचारलं, कुणासारखं, मग उत्तराची वाट न बघता तिने डावा हात पुढे केला आणि म्हणाली, "मंग आता टोचा."

हे चांगलं निघालं, ते माझ्या कामामुळे निघालं नाही, हे मला नीट लिहून ठेवायचं आहे. माझ्या चुकीनंतर ते चांगलं निघालं. त्यानंतरच्या वर्षांत दुसरी पाकिटंही माझ्यासमोर उघडली गेली आहेत आणि त्यांत दुसरे निकाल होते. त्या घरांबद्दल मी इथे लिहिणार नाही. ती त्यांची गोष्ट आहे.

पण त्या दिवसापासून मी टेबलावर चार जोड्या मांडत नाही. दोन वाट्या घेते, आईची आणि वडिलांची. प्रत्येकीत दोन दाणे. जोडप्याला डोळे मिटून एकेक दाणा काढायला लावते. काय आलं ते बघायचं आणि परत टाकायचं. पुन्हा काढायचं. दहा-बारा वेळा. कधी लागोपाठ दोनदा ठिपके येतात, कधी दहादा येतच नाहीत. तेव्हा माणसांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते मला वहीत 'समजले' लिहिण्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. ती रीत सविताची आहे. मी तिला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमी सांगता, मॅडम. मला काय, मी फक्त दाणे सारले."

ईश्वरी आता नऊ वर्षांची आहे. तिसरीत आहे, गणितात बरी आहे, धाकट्या बहिणीला धाक दाखवते. धाकटी कधी कधी बरोबर येते आणि गयाबाईंच्या मांडीवर बसून पिशवीतून पडणारे थेंब बघते. आपण बहिणीपेक्षा वेगळ्या का, हे तिला अजून कळत नाही. एक दिवस तिलाही वाट्या समोर ठेवून समजावून सांगावं लागेल, लग्नाच्या आधी.

मागच्या महिन्यात वडीगोद्रीकडचं एक नवं जोडपं माझ्यासमोर बसलं होतं. दोघेही मायनर, पहिलं बाळ अजून व्हायचं होतं. ईश्वरी शेजारच्या कॉटवर, डाव्या हातात सुई, उजव्या हातात पुस्तक. मी वाट्या मांडल्या. नवऱ्याने डोळे मिटून दाणा काढला, ठिपक्याचा निघाला. बायकोने काढला, तोही ठिपक्याचा. दोघे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात आमच्याच शीतपेट्यांच्या खोलीतून फोन आला, एका पिशवीचा क्रमांक जुळत नव्हता. मी उभी राहून क्रमांक वाचून दाखवत होते आणि ते दोन दाणे टेबलावर तसेच पडून होते.

कॉटवरून आवाज आला. "मावशी, दाणे."

मी फोनवरच होते. मी हात वर करून थांब म्हणून खूण केली.

ईश्वरीने पुस्तक खाली ठेवलं आणि त्या नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "दादा, दाणा परत वाटीत टाका. न्हाई तर तुमाला चुकीचं कळंल."

त्याने दाणा उचलला. जरा थांबून बायकोनेही आपला उचलला. दोन्ही वाट्यांत पुन्हा दोन-दोन दाणे झाले.